हरळीवरचा गोल्फ

चेंडू हरळीच्या गाठीवर आपटला, टुणकन उडाला आणि तुळशीवृंदावनाला जाऊन लागला.

"मद्रासचं गवत असंच असेल तर आपली धडगत नाही, शंकरप्पा," यज्ञेश्वरपंत म्हणाले.

"तितलं गवत जाजमागत असतंय म्हनं. पोरगा सांगत हुता." शंकरप्पांनी धोतराचा सोगा खोचला आणि चेंडू उचलून आणला.

एक वकील आणि एक कापसाचा अडत्या. गिरणीतल्या एका साहेबानं या दोघांना गोल्फचं वेड लावलं, तेव्हा अख्खं सोलापूर हसलं होतं. सोलापूरच्या माळावर गवत कुठलं? गिरणीतलं जळकं तेल ओतून वाळू चोपून बसवायची आणि तिच्यात डबा पुरून खळगा करायचा. साहेब त्या गोल तुकड्याला ब्राऊन म्हणे. तीस सालचे मार्शल लॉचे दिवस सोडले, तर दोघांचा रविवार त्या वाळूवर कधी चुकला नव्हता.

साहेब पुढे मद्रासला गेला. जाताना सांगून गेला, या एकदा, पाहुणे म्हणून खेळवतो. समुद्राकाठी, खऱ्या गवतावर! तेव्हापासून दर हिवाळ्यात मद्रासचा बेत शिजायचा. कधी पंतांची केस आडवी यायची, कधी कापसाचा हंगाम. बेत मात्र दर साली नवा, आणि गेल्या सालाहून खमंग.

यंदा तर पंतांनी सरावासाठी परसात हरळीच लावली होती. गावात पाण्याची ही ओरड, आणि घरातलं न्हाणीचं पाणी साहेबाच्या खेळाला! पंतांच्या पत्नी अनसूयाबाई पहिल्यांदा कडाडल्या. मग चतुर्थीला त्यातल्याच दुर्वा खुडून गणपतीला वाहू लागल्या आणि आपोआप गप्प झाल्या.

पण यंदाचा बेत निराळा होता. शंकरप्पांनी अडत बंद केली होती. मुलानं मद्रासला दुकान थाटलं होतं, आणि उद्याच्या मेलनं ते कायमचे तिकडे निघाले होते. पंतांनी पौषात जायचं, असं ठरलं होतं. आणि गेल्याच आठवड्यात डॉक्टरांनी पंतांच्या छातीला नळी लावून बजावलं होतं, की आगगाडी राहू दे, माडीचा जिनासुद्धा चढायचा नाही. पंतांची हे सांगायला जीभ रेटत नव्हती. दोघांची ही शेवटची सकाळ आहे, हे शंकरप्पांना ठाऊक नव्हतं. या वयात रडू येतं म्हणजे काय, असं म्हणून पंतांनी दोनदा नाक शिंकरलं.

"कोट आनू नका बरं का," शंकरप्पा सांगत होते. "पौषात बी तितं घाम निगतोय. टोपी तेवडी आना. आन रायचूरपतोर पुरतील एवड्या भाकरी घ्या. फुडं नुसता भात हाय."

"आणि चेंडू समुद्रात गेला म्हणजे?"

"जाऊ द्या की! वळसंगच्या वाटंवर ज्वारीत गेला तवा काय झालं? शेतकरी म्हनला, आंडं हाय, कोंबडीखाली ठिवतो."

दोघंही मनमुराद हसले. त्या दिवशी साहेब शेताच्या बांधावर बसून पोट धरधरून हसला होता. पंतांना ती ज्वारी, ते कोवळं ऊन, बांधावरची ती तीन माणसं सगळं लख्ख दिसलं, आणि हसता हसता त्यांना धाप लागली.

एवढ्यात अनसूयाबाई तबक घेऊन दुर्वा खुडायला आल्या.

"वैनी, पंतांच्या संगट शेंगाची चटनी द्या बगा. मद्रासला तसली मिळत न्हाय."

"देते की. नाहीतर असं करते, महिन्याच्या महिन्याला पार्सलनंच धाडते."

बोलून गेल्या आणि त्यांचा हात दुर्वांवरच थांबला. पंत हातातल्या गोल्फच्या काठीच्या टोकाकडे बघत राहिले.

शंकरप्पांनी आधी वहिनींकडे पाहिलं, मग पंतांकडे. पंतांचा डावा हात सदऱ्यावर, छातीपाशी होता. हल्ली तो सारखा तिथंच असायचा. अनसूयाबाई अर्धंच भरलेलं तबक घेऊन आत गेल्या.

"शंकरप्पा, मी तुम्हाला सांगणार होतो..."

"ऱ्हाऊ द्या." शंकरप्पा खाली बसले आणि हरळीवरून हात फिरवू लागले. "मी काय म्हनतो, तितं गेल्या गेल्या परसात वाळू टाकतो. तेल मुरवतो. आपल्या माळावरचा ब्राऊन करतो, हुबेहूब."

"मद्रासला जाऊन वाळू? एवढं हिरवंगार गवत सोडून?"

"गवतावर तुमाला कुटं जमतंय? आताच बगितलं की." शंकरप्पांनी हरळीची एक काडी खुडली. "दोन चेंडू घिऊन खेळीन. एक माजा, एक तुमचा. तुमच्या चेंडूत बी मी लबाडी करनार न्हाय, ह्ये सांगून ठिवतो. तुमी जितला, तर लगेच तार करीन."

पंतांनी उपरण्यानं डोळे पुसले. आता लपवायचं कुणापासून?

"आणि हरलो तर?"

"हरला तर? त्ये सांगायला मीच यीन की. तारंत काय मजा?"

यज्ञेश्वरपंतांनी चेंडू उचलला आणि शंकरप्पांच्या हातात ठेवला.

"मग मला हरवाच, शंकरप्पा," ते म्हणाले.