आठ दोऱ्या

"दोरी नंबर चार," ग्रे साहेबांनी पुकारलं, आणि कोणीच पुढे आलं नाही.

म्हातारा लॅक्लन मॅकडोनल्ड पेटीत, पेटी खड्ड्यावरच्या दोन फळ्यांवर, आणि पेटीच्या आठ दोऱ्यांपैकी एक तशीच लोंबत होती. आमच्याकडे माणसाला त्याची माणसंच खाली सोडतात. कोणी कुठली दोरी धरायची, त्याची नंबर घातलेली कार्डं सकाळीच वाटली जातात. ज्याच्या हातात कार्ड पडलं तो मेलेल्याचा जवळचा. बाकीचे नुसते आलेले.

"चार नंबर कोणाचा?" ग्रे साहेबांनी पुन्हा विचारलं. दफनाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते, आणि त्यांना उशीर खपत नाही.

"ते कार्ड माझ्या खिशात आहे," रॅनल्ड म्हणाला. लॅक्लनचा थोरला. एक नंबरची, डोक्याकडची दोरी धरून उभा होता. टोरांटोहून परवा उतरला, तोही बारा वर्षांनी. कमरेचा चौकड्यांचा किल्ट इतका नवाकोरा की घड्याही मोडल्या नव्हत्या, आणि मोज्यात चांदीच्या मुठीची सुरी. "सात जणांत भागेल. चला पुढे."

लॅक्लनची मुलगी कर्स्टी बायकांमध्ये उभी होती. ती तरातरा खड्ड्यापाशी आली.

"दादा, ते कार्ड आर्चीचं आहे. मी स्वतः त्यावर नाव लिहिलंय."

आर्ची तिचा नवरा. मागे गर्दीत, कुंपणाच्या दगडांना टेकून उभा होता.

"आर्ची कोण? आडनाव सांग की. ऐकू दे सगळ्यांना."

"कॅम्पबेल. वीस वर्षं झाली, माझंही तेच आहे."

"मग झालं तर." रॅनल्डने आवाज चढवला. "त्या कुळाच्या लोकांनी आपल्या कुळातल्या माणसांच्या घरी पंधरवडाभर पाहुणचार झोडला, आणि एके पहाटे उठून त्यांनाच कापलं. पळाली ती बायकापोरं बर्फात मेली. मॅकडोनल्डच्या पेटीला कॅम्पबेलचा हात लागणार नाही. मी असेपर्यंत तरी नाही!"

"कधीची गोष्ट ही?"

"सोळाशे ब्याण्णव."

"आणि तू कधीचा? परवाचा!"

कोणीतरी फिसकन हसलं. पाद्रीबाबांनी घसा खाकरला, पण कर्स्टी आता कोणाला ऐकणार नव्हती.

"बाबांचं डावं अंग गेलं तेव्हा कुठे होतं रे तुझं कूळ? अकरा वर्षं! अकरा वर्षं या कॅम्पबेलने त्यांना रोज सकाळी उचलून खुर्चीत बसवलं. पेज भरवली. हागलं-मुतलं काढलं. दाढी केली. गळाच कापायचा असता, तर वस्तरा रोज त्याच्याच हातात होता!"

"बाबासुद्धा कॅम्पबेलांना शिव्या द्यायचे. विसरलीस?"

"द्यायचे की! याच्या गळ्यात हात टाकून द्यायचे. आणि हा खड्डा कोणी खणलाय, विचार ना. दोन हातांवर खडक लागला. काल दिवसभर पहार घेऊन हाच फोडत होता. तो बुजवायचा का आता? फावडं पडलंय तिथे. घे, नवा खण! शुद्ध मॅकडोनल्डचा!"

रॅनल्डने फावड्याकडे पाहिलं, मग आपल्या चकचकीत बुटांकडे. "तमाशा करू नकोस, कर्स्टी. परंपरा म्हणून काही असते."

"कर्स्टी, जाऊ दे," आर्ची मागून म्हणाला. "म्हाताऱ्याला वाऱ्यात ताटकळत ठेवू नका. द्या सोडून, सातच जण."

"तू गप्प बस! तुझ्या या 'जाऊ दे'नेच डोक्यावर बसलेत सगळे!"

तेव्हा हेक्टरकाकांनी दोन नंबरची, पायाकडची दोरी खाली टाकली. लॅक्लनचे सख्खे चुलतभाऊ, वय शहाऐंशी. पेटीला वळसा घालून ते काठी टेकत रॅनल्डपाशी आले आणि आपलं कार्ड त्याच्या हातात कोंबलं.

"काका, तुम्ही? तुम्ही तर मॅकडोनल्ड!"

"आहे ना. म्हणून तर लाज वाटतेय मेल्या."

त्यांच्यामागे पोस्टमन आला. मग शाळेचे मास्तर, मग खालच्या शेतावरचे दोघे भाऊ, मग होडीवाला इयन. एकेक जण दोरी टाकत होता, कार्ड देत होता आणि मागे आर्चीजवळ जाऊन उभा राहत होता. ग्रे साहेबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. चाळीस वर्षांत असं काही त्यांनी पाहिलं नसावं.

रॅनल्डच्या हातात सहा कार्डं जमली, खिशात दोन होतीच.

"झाली आठ," कर्स्टी म्हणाली. तिने पेटीकडे बोट दाखवलं. "सोड बाबांना. कोणाचा विटाळ नको ना व्हायला? सोड एकट्याने."

रॅनल्डने आमच्याकडे पाहिलं. मग कार्डं खिशात घातली, दोरीचा मनगटाला वेढा दिला, वाकला आणि जोर लावला. मान लाल झाली, बूट चिखलात रुतले. पेटी फळीवरून तसूभरही उचलली गेली नाही. आम्ही सगळे खिशात हात घालून बघत होतो.