सहा फुटांचा पलंग

"बाबा, मी सव्वापाच फूट आहे. पलंग सहा फुटांचा कशाला?"

बाबा गाडीच्या मागच्या भागात गुडघे टेकून प्लायवूड मोजत होते. तोंडात दोन स्क्रू, कानामागे पेन्सिल. त्यांनी स्क्रू काढून हातात घेतले. "पाय पसरायला नकोत का? खेळाडूची झोप नीट झाली पाहिजे."

खेळाडू हा शब्द ठकीला टोचला. तिशी उलटली, चष्म्याच्या दुकानात नोकरी लागून पाच वर्षं झाली, तरी घरात ती ठकीच. आणि बाबांच्या लेखी अजून पिस्तूल नेमबाज. खरं तर दोन वर्षांपूर्वी तिच्या मनगटाची शीर दुखावली आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, पिस्तूल धरायचं आता विसरा. त्याच महिन्यात आई गेली आणि हे बाबांना सांगायचं राहूनच गेलं. बाबांनी जे अंथरूण धरलं ते सोडेनात. जन्मभर करवत चालवलेला माणूस, पण दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडायचा.

एका सकाळी ठकी बोलून गेली, "बाबा, रविवारी स्पर्धा आहे. गाडी कोण चालवणार?"

बाबा उठले. दाढी केली. टायरमधली हवासुद्धा बघून आले.

मग काय, एका खोट्याची दुसऱ्याशी गाठ मारावीच लागते. दर दोन-तीन महिन्यांनी कुठल्या तरी गावी स्पर्धा असायची. बाबा तिची पिस्तुलाची पेटी दारापर्यंत आणून द्यायचे आणि बाहेरच थांबायचे. "मी बघायला लागलो की तुझा हात हलतो," असं त्यांचं जुनं म्हणणं. ठकी आत जाऊन प्रेक्षकांच्या खुर्चीत दोन तास काढायची आणि बाहेर येऊन बेताचा एखादा आकडा सांगायची. परतीच्या वाटेवर बाबा शीळ घालायचे. ती शीळ ऐकली की तिला वाटायचं, चालू दे की खोटं, कुणाचं काय जातंय.

पण आता त्यांनी हे नवीनच काढलं होतं. लॉजच्या गाद्या म्हणजे ढेकणांचं माहेरघर, तिथे कसली झोप येणार, म्हणून ज्या छोट्या गाडीतून इतकी वर्षं लाकूड वाहिलं तिलाच ते झोपायची खोली करत होते. सदुसष्टाव्या वर्षी, गुडघे दुखत असताना. मागची बाकं काढली, तळाला फोम घातला, पलंगाखाली खण केले, खिडक्यांना जाड पडदे शिवून घेतले. इतकं सगळं एका खोट्यासाठी. ठकीला जेवण जाईना. सांगावं तर बाबा पुन्हा अंथरुणात जातील, न सांगावं तर कुठल्या तोंडाने त्या पलंगावर झोपायचं?

त्यात बाबांची लक्षणंही तिला ठीक दिसेनात. दिवसाला सहा कप चहा पिणारा माणूस, अचानक चहा सोडला. "नको वाटतो," एवढंच म्हणाले. आईच्या जाण्याचं दुःख असं मधूनमधून वर येतं, ठकीने मनाशी ताडलं. सकाळी फिरायला म्हणून जायचे ते नऊ-नऊ वाजेपर्यंत यायचे नाहीत. एकदा तर ड्रिल मशीन हातात धरून, हात सरळ लांब करून कितीतरी वेळ गाडीच्या पत्र्याकडे बघत उभे होते.

"बाबा, काय झालं?"

"काही नाही गं. भोक कुठे पाडायचं ते बघतोय."

चष्माही तिच्याच दुकानातून नवा करून घेतला. "लांबचं नको, पुस्तकाचंही नको," ते म्हणाले, "हात लांब केला की हाताच्या टोकाशी जे असेल ते स्वच्छ दिसू दे." सुतारकामाला लागत असेल म्हणून तिने मापं घेऊन तसा करून दिला.

गाडी तयार झाली तेव्हा बाबांनी तिला हाताला धरून आत बसवलं. पलंगाची एकही फळी कुरकुरली नाही. "कसं आहे?" त्यांनी विचारलं. ठकीने मान वळवून घेतली. तिने तिथेच ठरवलं, ही शेवटची खेप. या वेळी सांगायचंच.

स्पर्धेच्या गावी पोचायला संध्याकाळ झाली. ठकी मैदानाच्या नळावरून पाणी घेऊन आली तर बाबा सहा फुटांच्या पलंगावर आडवे. "जरा लोळून बघतो," म्हणाले आणि पाचव्या मिनिटाला घोरायला लागले. तिने हाक मारली, खांदा हलवला. छे. खेळाडूच्या झोपेची एवढी काळजी करणारा माणूस खुशाल पसरला होता आणि खेळाडू पुढच्या सीटवर पाय पोटाशी घेऊन अवघडली होती. तिला हसूही आलं आणि दयाही. थकले असतील बिचारे.

सकाळी बाबा ताजेतवाने उठले, ठकीची मान मात्र आखडली होती. दोघं दाराशी गेले. नावांच्या याद्या तिथल्या फळ्यावर डकवल्या होत्या. बाबांनी पेटी तिच्या हातात दिली नाही, स्वतःच्याच हातात ठेवली. आता नाही तर कधीच नाही.

"बाबा, थांबा जरा. मला आत जायचं नाहीये." ती एका दमात बोलत सुटली. "त्या यादीत माझं नाव नाही. दोन वर्षं कुठल्याच यादीत नव्हतं. तुम्ही उठावं म्हणून खोटं बोलले मी. रागवा हवं तर, पण परत तसे पडून राहू नका. तेवढं मला नाही बघवणार."

बाबांनी नवा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्याच खेपेला वाचली होती मी यादी. खालच्या कागदावर बघ, ज्येष्ठांच्या गटात. सातवं नाव माझं आहे."