बिनारजेची बावीस वर्षं

पावाच्या कारखान्यात भट्टी सांभाळणाऱ्या मामांचा सत्कार होता. बावीस वर्षांत त्यांनी एकही रजा घेतली नव्हती. "असा माणूस शोधून सापडायचा नाही!" मॅनेजर खांद्यावर हात टाकून म्हणाले. "आई गेली तरी मामा भट्टीवर हजर!" टाळ्या पडल्या. मामांची आई शेवटच्या घटका मोजत होती, तेव्हा हक्काच्या पगारी रजेचा अर्ज घेऊन ते याच माणसापुढे उभे होते. "पावाची मागणी वाढलीय, आई काय आजच जातेय?" म्हणत यानेच तो फाडला होता. मामांनी खांद्यावरचा हात झटकला. "मी अर्ज दिला होता, साहेब. तुम्हीच फाडलात." मॅनेजर हसले, "मामा भलतेच विनोदी हं!" लोकही हसले. मामांनी तडक ऑफिसात जाऊन महिनाभराच्या रजेचा अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात एकच शब्द लिहिला: किळस.