आईची तहान

भाऊबिजेला निरंजनदादाला ओवाळून झालं, तरी शाल्मलीने तबक खाली ठेवलं नाही. "ओवाळणीत मनगट दे," ती म्हणाली.

निरंजन हसला. "घड्याळ बांधतेस वाटतं?"

"आधी सगळ्यांसमोर होकार दे."

"दिला बाई."

शाल्मलीने स्वतःच्या मनगटावरची निळी पट्टी सोलून त्याच्या मनगटावर चिकटवली. आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेल्या आईला बोलता येत नव्हतं. तिला तहान लागली, कूस बदलावीशी वाटली, की ते पट्टी घातलेल्याला स्वतःच्या अंगात जाणवायचं. पट्टी होकाराशिवाय कुणाला धरत नसे, आणि एकदा धरलं की दुसऱ्या कुणी होकार देईपर्यंत सुटत नसे. शाल्मलीची सात वर्षं त्यातून सुटका झाली नव्हती. घरूनच बँकेचं काम उरकताना तिची खोल समुद्रात बुडी मारायच्या प्रशिक्षणाला दोनदा निवड झाली, आणि दोन्ही वेळा दादा म्हणाला होता, "नुसती पट्टी तर घालायची, त्यात काय एवढं? मला जमलं असतं, पण मला नोकरी आहे ना."

तिसऱ्या निवडीचं पत्र आलं होतं. सोमवारी तिला मालवणला हजर व्हायचं होतं.

निरंजनचा घसा अचानक कोरडा पडला. त्याने अख्खा तांब्या रिकामा केला, तरी तहान तसूभर हलेना.

"शालू, हे काय होतंय?"

"तू पिऊन जायची नाही ती." शाल्मलीला फार म्हणजे फारच बरं वाटत होतं. "चमच्याने आईला पाज. आणि हळू हं दादा, तिला ठसका लागला तर तुलाही लागेल."