स्पर्शाची परीक्षा

प्रार्थनागृहात चार वर्षांच्या किझायाला झटके येत होते. तिच्यावर चेटूक केल्याचा आळ होता तो तिच्याच आईवर, हल्डावर.

"हात लाव तिला," न्यायाधीश म्हणाले. "पोर शांत झाली, तर चेटूक तुझंच."

"अहो, आईच्या हाताने लेकरू शांत होणारच की!"

"मग नको लावूस. जा घरी."

लेकीचे ओठ निळे पडू लागले. हल्डाने तिला छातीशी घेऊन पाठ चोळली. पोर निवली.

"बघितलंत? आमची गायही हिच्यापायीच आटली!" शेजारीण किंचाळली.

हल्डाला फरफटत नेताना किझायाला पुन्हा झटका आला.

"अगं, धरा गं कुणीतरी तिला!" हल्डा दारातून ओरडली.

बाकांवरच्या साऱ्या आयांनी आपापले हात एप्रनखाली लपवले.