आईची काचेची बरणी

“हा मासा सर्वांशी गुण्यागोविंदाने राहतो,” अशी लेखी ग्वाही गंगापूर रोडवरच्या दुकानाने वडिलांनी आणलेल्या नव्या माशाच्या पिशवीवर चिकटवली होती. त्या गुण्यागोविंदाचा पुरावा दुपारीच मिळाला: आई गेल्यावर टाकीत उरलेल्या तिच्या एकमेव गोल्डफिशची अर्धी शेपटी त्याने कुरतडली होती. आई प्रत्येक नवा मासा आठवडाभर काचेच्या बरणीत ठेवी, त्याचा स्वभाव पाही, मगच टाकीत सोडी. त्याच बरणीत खडेमीठ विरघळवून मी जखमी मासा ठेवला, रोज पाणी बदलले. वडिलांना थंडपणे विचारले, “नाना, तुम्ही नव्याला थेट टाकीत सोडलंत?” “दुकानदार म्हणाला, गरीब आहे.” “दुकानदार मगरीलाही गरीबच म्हणेल!” नवव्या दिवशी शेपटीला पारदर्शक नवी झालर फुटली. वडील चष्मा पुसत बरणीपाशी बसले आणि म्हणाले, “बरणी आठवली होती गं मला. पण याला टाकीत एकट्याला फिरताना आणखी आठवडाभर मला बघवलं नसतं.”