बारा मैलांचा पाठलाग

"माझ्या वडलांचं नाव तेवढं गाळा," शिवकांता म्हणाली.

बब्रुवान मास्तर शाळेच्या व्हरांड्यात सायकलला हवा भरत होते. पंप तसाच धरून त्यांनी वर पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांची मुलगी. धावडवाडीहून दोन एसट्या बदलून तुळजापूरला आलेली. माणिकप्पाची लेक.

"परवा पंधरा ऑगस्टला तुम्ही ती गोष्ट सांगणार. सांगा. पण नुसतं 'एक पोलीस' म्हणा. माझी सोयरीक दोनदा मोडली, सर. त्या माणिकप्पाची पोरगी आमच्या घरात नको, म्हणतात."

"तुझ्याशी माझं काही वैर न्हाय बाई," मास्तर म्हणाले. "पण घडलं ते घडलं."

"मग एकदा त्यांच्याकडून ऐकून घ्या. दम्यानं अंथरुणाला खिळलेत. दहा वर्षांत त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढला न्हाय त्यांनी. आता म्हणतात, मास्तरांना बोलव."

ती गेली. मास्तरांनी हवा भरली, पण मन लागेना.

गोष्ट तालुक्यात सगळ्यांना पाठ होती. अठ्ठेचाळीस साल. निजामावरच्या पोलीस ॲक्शनला अजून महिना होता. सोलापूरकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पातून बब्रुवान सायकलवर चिठ्ठ्या घेऊन निघालेला. चाळीस चिठ्ठ्या. कॅम्पातल्या पोरांना ज्या ज्या घरांनी लपवलं, भाकरी दिली, त्या प्रत्येक घरधन्याच्या नावानं एक. तामलवाडीच्या अलीकडे डांबरी सोडून त्यानं डोंगरातली वाट धरली. घाटाच्या पायथ्याच्या नाक्यावर निजामाचा पोलीस शिपाई माणिकप्पा होता. त्यानं शिट्टी मारली. बब्रुवाननं पायडल दाबलं.

बारा मैल! पळसाच्या रानातून चढण, मग धावड्याच्या झाडीतून नागमोडी उतार, आणि शेवटी तलावाचा काठ. मागं वळून बघावं तर सायकलवर माणिकप्पा. वळणावर दिसेनासा व्हायचा, पुन्हा यायचा. तलावाशी पोचल्यावर बब्रुवाननं पिशवी न उघडताच दगडाला बांधून पाण्यात फेकली आणि पोहत पलीकडचा काठ गाठला. चाळीस घरं वाचली.

पहिल्या वर्षी गोष्टीत नुसती शिट्टी होती. पाचव्या वर्षी बंदूक आली. आता दोन गोळ्या कानाजवळून जात. मास्तरांना स्वतःलाच त्यांचा आवाज आठवू लागला होता.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून ते भल्या सकाळी निघाले. तामलवाडी ओलांडून त्याच वाटेला लागले. ही वाट आपली, असं त्यांना नेहमी वाटे. पण दहा वर्षांत पुन्हा कधी आलेच नव्हते. पळसाची पानं भरली होती. सीताफळीच्या झुडपांत होले घुमत होते. चढणीवर छाती भरून आली, तेव्हा ते उतरले आणि सायकल ढकलत निघाले. त्या दिवशी हा घाट एका दमात चढलो होतो! भीती माणसाला काय काय करायला लावते.

उतारावर वारा लागला, घाम सुकला, आणि त्यांना बरं वाटलं. माणिकप्पाला काय म्हणायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं. झालं गेलं विसरून जा. तुम्हीही पोटासाठी नोकरी करत होता. नाव गाळायचंही त्यांनी एका वळणावर ठरवून टाकलं. मग तलाव दिसला. कडेच्या गाळात बगळे उभे होते. मास्तर सायकलवरून उतरून थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिले.

माणिकप्पाचं घर गावाच्या टोकाला, दोन खणांचं. शिवकांतानं पाणी दिलं, घोंगडी अंथरली. बाजेवर हाडांचा सापळा उशीला टेकून बसला होता. हाच का तो, असं मास्तरांना क्षणभर वाटलं.

"सायकलवर आलाव?" माणिकप्पानं विचारलं.

"व्हय."

"त्याच वाटंनं?"

"त्याच."

म्हातारा धापा टाकत हसला. "लई जोरात पळिवली तुमी त्या दिशी. म्या शिट्टी वाजवून वाजवून थकलो. थांबलाच न्हाय."

"थांबून मरायचं होतं का?" मास्तर म्हणाले. आवाज चढला तसा त्यांनी तो सावरला. "माणिकप्पा, मी तुम्हाला माफ केलंय. उद्या तुमचं नाव घेणार न्हाय. पोरीचं लगीन होऊ द्या."

"तिच्यासाठीच बोलिवलं तुमाला." त्यानं लेकीला खूण केली. "म्या हाय तवर कुणाला सांगणार न्हवतो. पर आता तिनं कुठवर सोसायचं?"

शिवकांतानं देवळीतून धडुत्यात बांधलेलं एक गाठोडं काढून मास्तरांच्या पुढ्यात ठेवलं. त्यात काय आहे, हे बहुतेक तिलाही ठाऊक नव्हतं; तीही वाकून बघू लागली.

मास्तरांनी गाठ सोडली. आत घडीचे कागद होते, पिवळे पडलेले. काहींवर चिखल वाळला होता, एकावर सायकलच्या चाकाची नक्षी उमटली होती. त्यांनी वरचा उलगडला. चिठ्ठीवरचं अक्षर त्यांचंच होतं, आणि नाव त्यांच्या थोरल्या भावाचं. दुसरा उलगडला. तिसरा. ते उलगडत राहिले.

"पिशवी खालनं उसवली होती, मास्तर," माणिकप्पा म्हणाला. "वळणावळणाला एकेक पडत होती."